दोन हिस्से आपले, एक नदीचा

घाटावर नवा माणूस आला की काकाजी त्याचं नाव विचारत नसत. वजन विचारत.

"किती किलो?"

प्रश्न सगळ्यांसमोर आणि खणखणीत आवाजात. बायका पदर तोंडाला लावायच्या, पुरुष दोन-चार किलो इकडेतिकडे करून सांगायचे. पलीकडच्या शाळेवर बदलून आलेले गुरुजी पहिल्या दिवशी "साठ" म्हणाले. काकाजींनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"साठ लग्नात असान गुरुजी. आता अडुसष्टच्या खाली नाही. पेटीच्या उलट्या बाजूले बसा."

गुरुजी गुपचूप बसले.

यामागे कारण होतं. काकाजींचा डोंगा, म्हणजे लहान होडी, बॅटरीवर चालायचा. ई-रिक्षाला असतात तशा चार बॅटऱ्या एका लाकडी पेटीत ठेवलेल्या होत्या. त्यातली एक उचलायची तर धडधाकट माणूसही कमरेला हात लावी. अरुंद डोंग्यात ही पेटी एका अंगाला, मग माणसं दुसऱ्या अंगाला तोलून बसवायला नकोत? त्यामुळे गावातल्या प्रत्येकाचं वजन त्यांना पाठ होतं. नावं मात्र चुकायची. एकदा भंडाऱ्याच्या बाजारात त्यांनी माझी ओळख करून दिली ती अशी: "ह्या आमच्या सोसायटीच्या मॅडमबाई. त्रेसष्ट किलो." मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. सोळाव्या दिवशी डोंग्यात पाय ठेवला तर म्हणाले, "एकसष्ट. उपास करून राहिल्या का?"

आता आमच्या घाटावर बॅटरीचे आणखी डोंगे आहेत. त्यांच्या बॅटऱ्या नव्या प्रकारच्या, हलक्या. एका हातात उचलून घरी नेता येतात. माणसं कुठंही बसतात, कोणी काही विचारत नाही. काकाजींना जाऊन तीन वर्षं झाली, आणि मला अजून डोंग्यात चढताना तोंडात आकडा येतो.

आमचं गाव कारध्याच्या खाली, वैनगंगेच्या काठावर. मी मूळची आंधळगावची, शेतकऱ्याच्या घरची. लग्न होऊन इथं आले तेव्हा पाण्याची भीती वाटायची आणि नोकरी मिळाली ती मच्छीमार सोसायटीची सचिव म्हणून. खालच्या धरणामुळे नदी पसरली, निम्म्या गावाची शेतं पलीकडे राहिली. जाळ्याला जाणारे, शेताला जाणारे, शाळेला जाणारे, सगळे डोंग्यावर अवलंबून. कोणता डोंगा किती वाजता गेला, कोण गेलं, कोण परत आलं, याची घाटाची वही मी सुरू केली. माझ्याआधी अशी वही नव्हती. लोक आधी हसले, मग सवय झाली. पुढे पुढे तर नवरा घरी आला नाही की बायका आधी माझ्याकडे येऊन विचारायच्या, "वहीत पाहा ना बाई, आला का?"

काकाजी जन्मानं नदीचेच. त्यांचे वडील वल्हं मारायचे. पण ते स्वतः तरुणपणी भंडाऱ्याला गेले आणि मोटारी बांधायला शिकले. धानाच्या शेतावरचे पंप जळाले की शेतकरी मोटार घेऊन त्यांच्या दुकानी यायचे. जळकी तार काढायची, तांब्याची नवी तार भरायची, वेढे मोजायचे. पस्तीस वर्षं त्यांनी वेढे मोजले. एक वेढा चुकला तर मोटार पुन्हा जळते, आणि त्यांची कधी परत आली नाही, असं ते स्वतः सांगत. बाजारातही तसंच म्हणत. दुकान बंद करून गावी परतले तेव्हा साठी उलटली होती. म्हणाले, "नदीच्या घरी खाली हातानं येऊ नये." आणि डोंग्याला मोटार लावायला बसले.

पहिला पंखा कूलरचा होता. उन्हाळा संपल्यावर घरोघर कूलर माळ्यावर जातात, त्यातला एक त्यांनी खाली काढला आणि पत्र्याची पाती कापून, वाकवून दांड्याला बसवली. डोंगा जागेवर गोल फिरला. दुसरा पंखा सागाच्या लाकडाचा. तो जलपर्णीत अडकून तुटला. तिसऱ्या वेळी ते भंडाऱ्याच्या पितळेच्या कारागिरांकडे मातीचा साचा घेऊन गेले. ज्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या गुंड-घागरी घडल्या त्यांना तीन पात्यांचं ते फूल ओतायला सांगितलं. "हे कोनत्या देवाचं?" असं कारागिरानं विचारलं म्हणे. तो पंखा शेवटपर्यंत टिकला. काकीजी त्याला दर दिवाळीला चिंचेनं घासायच्या.

मोटार पाण्याबाहेर, मागच्या टोकाला. तिला लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. जलपर्णी आली की दांडा उचलायचा, पुढे गेलं की पुन्हा सोडायचा. हातात स्कूटरसारखी मूठ. ती पिळली की डोंगा निघायचा, आणि आवाज म्हणाल तर पाणी फाटल्याचा तेवढा. पहिल्यांदा बसले तेव्हा पलीकडच्या काठावरच्या बगळ्यांची कुजबुज मला ऐकू आली. माझी पाण्याची भीती त्या दिवशी थोडी गेली.

बॅटऱ्यांशी ते जनावरांसारखं बोलायचे. वापर झाला की लगेच भरायची. "उपाशी झोपवलं का बैल बसते, तशी बॅटरी बसते." त्यात घालायचं शुद्ध पाणी बाटलीतून यायचं. कोणी नदीचं घालू का विचारलं की म्हणत, "नदीचं पानी तुमाआमाले चालते. हिले नाही चालत. ही मोठ्या घरची हाय."

बॅटरी किती उरली ते दाखवणारा एक काटा होता. त्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावून ठेवली होती. मी कारण विचारलं.

"आराम केलेली बॅटरी खोटं बोलते बाई. थकलेला मानूस चहा पेल्यावर म्हनते ना, मी बरा हाओ? तशी. दहा मिंटं थांबली का काटा वर. निघालं का खाली."

"मग कळणार कसं?"

"मोजाचं. फेऱ्या मोजाच्या."

हा त्यांचा मुख्य नियम. भरलेल्या बॅटरीत नऊ फेऱ्या होतात, आपण सहाच करायच्या. दोन हिस्से आपले, एक नदीचा. वारा येतो, जलपर्णी येते, कोणाचा डोंगा उलटतो. त्या वेळी नदी आपला हिस्सा मागते, तेव्हा तो शिल्लक पाहिजे. सहा झाल्या की ते दांडा वर बांधून टाकत. मग काठावर जिल्हाधिकारी उभे असोत की स्वतःची सासू.

सासू एकदा खरंच उभी होती. पलीकडे. तिला शेवटी मासेवाल्यांच्या डोंग्यातून, माशांच्या टोपल्यांवर बसून यावं लागलं. काकीजींनी चार दिवस स्वयंपाकात मीठ घातलं नाही.

मोबाइलवर त्यांनी कुठल्याशा परदेशी शिडाच्या नावेचा व्हिडिओ पाहिला, तेव्हाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. शिडात वारा भरला की नाव पळते, पाण्यामुळे खालचा पंखा उलटा फिरतो आणि मोटार बॅटरीला खाण्याऐवजी भरवते. काकाजी तो व्हिडिओ घेऊन धावत माझ्या कार्यालयात आले. "मी म्हनतच होतो! मोटार खाते तशी देते पन!" दुसऱ्या दिवशी धान वाळवायची ताडपत्री बांबूला बांधून ते गावच्या तलावात उतरले. मोटारीच्या तारेला एक छोटा बल्ब लावलेला. वारा आला, भरला, आणि डोंगा सरळ शिंगाड्याच्या वेलीत जाऊन रुतला. ज्याचे शिंगाडे होते तो काठावरून ओरडत होता, "अबे काकाजी, पानी काय कमी होतं का तुमाले!" काकाजी काट्यांनी ओरबाडलेले हात वर करून नाचत होते. "पेटला! दोन डाव पेटला!"

काकीजींनी फाटलेली ताडपत्री उचलून पाहिली. "धान कायवर वाळवू आता? त्या बल्बावर?"

असा माणूस. त्याला आयुष्यात शेवटी एकच गोष्ट हवी होती: सोसायटीच्या सगळ्या डोंग्यांना बॅटरीची मोटार लागावी. तेव्हा सोसायटीला डोंग्यांसाठी सरकारी मदत मिळणार होती, आणि बरेच सभासद तेलाच्या इंजिनाच्या बाजूचे होते. इंजिनाचा आवाज होतो, मासा पळतो, पाण्यावर तवंग येतो, हे त्यांनाही पटत होतं. पण इंजिन सगळ्यांनी पाहिलेलं होतं. बॅटरी म्हणजे काकाजींचं खूळ. मी प्रस्तावात दोन्ही पर्याय लिहिले आणि चाचणी ठेवली. मत्स्यविभागाचे साहेब येतील, काकाजींच्या डोंग्यात बसतील, खालच्या वळणापर्यंत जाऊन परत येतील आणि शेरा लिहितील. त्या शेऱ्यावर सगळं ठरणार होतं. साहेबांची तारीख तीनदा पुढे गेली होती.

दिवस मार्गशीर्षातला. मी वेळापत्रक आखलं. सकाळी सभासदांना दाखवायला चार फेऱ्या. साहेबांची लांब फेरी दोन फेऱ्यांच्या बरोबरीची. चार आणि दोन, सहा. काकाजींना वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलावली.

चार फेऱ्या झाल्या. साहेबांचा फोन आला, एक तास उशीर आहे. मी काकाजींना म्हटलं, घरी जाऊन दोन घास खाऊन या. ते गेले. तेवढ्यात आमचे अध्यक्ष घाटावर आले. सोबत त्यांचा नवा जावई आणि जावयाकडची माणसं.

"मॅडम, पाच मिंटात येतो. जावईबापूले दाखवतो आपल्या गावचा डोंगा."

"अध्यक्ष, काकाजी नाहीत."

"काकाजी कायले पाहिजे? मूठ तर पिळाची हाय. जावयासमोर नाही म्हनता का आता?"

नव्या जावयासमोर सासऱ्याला नाही म्हणणं आमच्याकडे कोणाला जमलेलं नाही. मलाही जमलं नाही. सात माणसं बसली, कोणाला वजन विचारलं गेलं नाही, अध्यक्षांनी मूठ शेवटपर्यंत पिळली आणि डोंगा पलीकडच्या काठाला जाऊन, जावयाचे फोटो काढून, परत आला. मी वहीत ही फेरी लिहिली नाही. लिहिली असती तर काकाजींनी साहेबांना नेलंच नसतं, आणि साहेब चौथ्यांदा येणार नव्हते. माझा हिशेब असा की नदीच्या तीनांतून एक घेतली तर दोन उरतातच. कागदावर बरोबर होता.

काकाजी आले. साहेबही आले. निघण्याआधी काकाजींनी मोटारीच्या अंगावर तळहात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"किती झाल्या बाई?"

मी वही उघडली. खरंच उघडली आणि त्यात पाहून म्हणाले, "चार."

त्यांनी हात काढला आणि साहेबांना वजन विचारलं. मीही सोबत बसले.

जाताना सगळं छान झालं. साहेब "व्वा, आवाजच नाही" म्हणाले. वळणावरून परत फिरलो तेव्हा समोरून वारा सुटला आणि त्याबरोबर जलपर्णीचा भला मोठा तुकडा आडवा आला. दांडा उचला, सोडा, उचला, सोडा. घाट दिसायला लागला, घाटावरची माणसं ओळखू यायला लागली, आणि मोटारीचा सूर बारीक झाला. मग थांबला. काकाजींनी दोनदा मूठ पिळून बघितली. मग बाजूला ठेवलेलं वल्हं उचललं. वारा आम्हाला मागे ढकलत होता. साहेबांच्या पँटीवर पाणी उडत होतं. शेवटी जाळ्याला निघालेल्या एकानं दोर टाकून आम्हाला ओढत आणलं. घाटावर पन्नास माणसं.

"काकाजी, डोंग्याले बैल जुपा!"

"बॅटरीले उपास घडला का हो काकाजी?"

साहेबांनी विचारलं, "नेमकं काय झालं?"

तो क्षण माझा होता. अध्यक्ष माझ्या शेजारी उभे राहून नखं पाहत होते. मी तोंड उघडायच्या आत काकाजी म्हणाले, "माही मोजनी चुकली साहेब."

शेरा प्रतिकूल गेला. पुढच्या वर्षी इंजिनं आली.

काकाजींनी त्यानंतर डोंग्यात एकही माणूस बसवला नाही. बॅटऱ्या वेळेवर भरत, एकटे जाळ्याला जात, एकटे परत येत. कोणी हाक मारली की हात हलवून नाही म्हणत. मला वाटलं, रागावलेत. रागावलेलं माणूस मला सोसतं, त्यावर उपाय असतो. दोन वर्षं मी तेच धरून चालले. मग एकदा काकीजी गॅसच्या अर्जावर सही घ्यायला माझ्याकडे आल्या आणि बसल्या त्या बसूनच राहिल्या.

"याहिचं काही समजत नाही बाई. भाकरी मोजते. पायऱ्या मोजते. मोजून झालं का पुन्हा मोजते. मले म्हनते, माही मोजनी गेली, मानसं बुडवीन मी. पस्तीस वर्स वेढे मोजले त्या मानसानं."

मी अर्ज तिथंच ठेवला आणि घाटावर गेले.

सकाळचे आठ वाजले असतील. पलीकडे धान कापायला जाणाऱ्या बायका विळे घेऊन काठावर बसल्या होत्या. इंजिनाचा डोंगा सुरू होत नव्हता, चालवणारा दोरी ओढून ओढून घामाघूम झाला होता. थोडं बाजूला काकाजी आपल्या डोंग्यावरून मोटार उतरवत होते. चारांपैकी दोन बोल्ट निघालेले.

"हे काय काकाजी?"

"तांबं हाय आतमधी. भंगारवाला येऊन राहिला."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर बोलले नसते.

"काकाजी, त्या दिवशी चार नाही, पाच फेऱ्या झाल्या होत्या. तुम्ही जेवायला गेला तेव्हा अध्यक्ष जावयाला घेऊन गेले. मी वहीत लिहिली नाही. तुम्ही विचारलं तेव्हा खोटं सांगितलं."

त्यांच्या हातातला पाना थांबला.

"पाच?"

"पाच."

"किती मानसं होती?"

"सात."

"मूठ पुरी पिळली असन त्यानं."

"हो."

ते बोटांच्या पेरांवर काहीतरी जुळवत राहिले. ओठ हलत होते. एकदा थांबले, पुन्हा सुरुवात केली. मी शिव्यांची वाट पाहत होते.

"मोटार गरम लागली होती मले," ते म्हणाले. "हात ठेवला तवाच वाटलं, चार फेऱ्यानं इतकी गरम? घरून जेवून आलो तरी गरम?"

"मग निघालात कशाला काकाजी? मला तिथंच का नाही बोललात?"

"तुमी वहीत पाहून सांगतलं ना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे मला कळायला हवं होतं. "मी चवथी शिकलो. तुमी लिहिनारी बाई. गावातल्या बाया तुमची वही पाहून घरी जाऊन झोपते. म्हनलं वही खोटी कशी असन? हातच खोटा असन. म्हातारा झाला म्हनलं हात."

इंजिनवाल्यानं पुन्हा दोरी ओढली. इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

"दोन वर्स मी ह्या हाताले शिव्या देऊन राहिलो बाई."

मी म्हणाले, सोमवारच्या सभेत सगळ्यांसमोर वाचते. अध्यक्षांसमोर. त्या दिवसाच्या पानावर खरं लिहिते आणि खाली सही करते. "ते तुमचं तुमी पाहा," ते म्हणाले. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी काढलेले दोन्ही बोल्ट शर्टाला पुसले, जागेवर बसवले आणि पाना लावून आवळायला लागले. आवळून झाल्यावर मोटारीवर हात ठेवला, तसाच थोडा वेळ, थंड मोटारीवर. मग उभे राहिले, लुंगी वर खोचली आणि काठाकडे तोंड करून ओरडले,

"ओ बायांनो! कोनाले पलीकडे याचं हाय? चला!"

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. एकीनं विळा उचलला, मग सगळ्याच उठल्या. मीही साडी सावरून एक पाय डोंग्यात टाकला. काकाजींनी वल्हं माझ्या पायासमोर आडवं धरलं.

"तुमी नाही. तुमी उद्या."

डोंगा निघाला. मी काठावर उभी राहून मोजलं: आठ बायका. दुसऱ्या दिवशी सातलाच मी घाटावर होते.